जॅझ ऐकायला बसलोय: काँगो स्क्वेअरपासून रंगभवनापर्यंत

काळी चार

मंडळी, मी हार्मोनियमवर साथ करतो. तीस वर्षं ख्याल, ठुमरी आणि नाट्यपदांतच गेली. जॅझ म्हणजे हॉटेलात जेवताना मागे काहीतरी वाजत असतं ते, एवढीच समजूत होती. दोन वर्षांपूर्वी एका मित्राकडे लुई आर्मस्ट्राँगचं 'वेस्ट एंड ब्लूज' ऐकलं. जून १९२८ मध्ये शिकागोत मुद्रित झालेली तबकडी. सुरुवातीला ना साथ, ना ठेका. एकटा ट्रंपेट वर चढतो, घरंगळत खाली येतो आणि मग बँड त्याला उचलून घेतो. मित्राला म्हटलं, पुन्हा लाव. असं सहा वेळा झालं.

तेव्हापासून रोज रात्री तासभर ऐकतोय. जॅझचा इतिहास बहुतेक ठिकाणी आगगाडीच्या स्टेशनांसारखा सांगतात: रॅगटाइम, न्यू ऑर्लिन्स, स्विंग, बीबॉप, कूल, मोडल, फ्री, फ्यूजन. ऐकताना मला दर वळणावर एकच प्रश्न दिसला. हे वाजवायचं कुणासाठी? नाचणाऱ्यासाठी, बसून ऐकणाऱ्यासाठी, की शेजारी उभ्या असलेल्या वादकासाठी? उत्तर बदललं की ठेका बदलतो, सुरांची दाटी बदलते, बँडमधली माणसंही कमी-जास्त होतात.

सुरुवात न्यू ऑर्लिन्सपासून करतो. हे शहर आधी फ्रेंचांचं, मग स्पॅनिशांचं आणि १८०३ पासून अमेरिकेचं. इथल्या गुलामांना रविवारी मोकळीक असे. १८१७ साली नगरपालिकेने फर्मान काढलं, की गुलामांनी फक्त रविवारी आणि महापौर ठरवून देईल त्याच जागी जमायचं. ती जागा म्हणजे काँगो स्क्वेअर. अमेरिकेत इतरत्र आफ्रिकी ढोलांवर कडक बंदी असताना इथे ते उघड्यावर वाजत होते. हे ढोल म्हणजे जॅझ नव्हे, मधे दोन पिढ्या जायच्या होत्या. पण तालाची स्मृती या शहरात पुसली गेली नाही.

दुसरीकडे याच शहरात मिश्रवंशीय क्रिओल लोक होते. फ्रेंच बोलणारे, ऑपेराला जाणारे, मुलांना क्लॅरिनेट आणि व्हायोलिन नोटेशनवरून शिकवणारे. १८९२ साली होमर प्लेसी नावाचा क्रिओल चांभार मुद्दाम गोऱ्यांच्या रेल्वेच्या डब्यात जाऊन बसला. तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १८९६ मध्ये 'वेगळे पण समान' हा निकाल आला. वर्णभेदाला कायद्याचा शिक्का बसला. कालपर्यंत स्वतःला वेगळे समजणारे क्रिओल आता कायद्याने काळ्यांच्याच रांगेत आले. कागदावरून वाचून वाजवणारे आणि कानाने वाजवणारे एकाच बँडमध्ये उभे राहू लागले. अन्यायाच्या पोटी हे संगीत आलं, आणि ऐकताना ते विसरता येत नाही.

त्या पिढीतला सगळ्यांत मोठा आवाज म्हणजे कॉर्नेट (ट्रंपेटचाच आखूड भाऊ) वाजवणारा बडी बोल्डेन. जन्म १८७७. १९०७ मध्ये त्याला वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं, तिथेच १९३१ साली वारला. त्याची एकही तबकडी उरलेली नाही. बाकीच्या वादकांनी केलेलं वर्णन तेवढं आहे.

जाणकारांनी भर घालावी, चुकलं असेल तर दुरुस्त करावं.

शेवंती

सुंदर लिहिलंय. एक शंका. जॅझ वेश्यावस्तीत जन्मला असं लहानपणापासून ऐकलंय. ते खरं का?

काळी चार

ताई, अर्धवट खरं. १८९७ ते १९१७ या काळात न्यू ऑर्लिन्समध्ये स्टोरीव्हिल नावाची कायदेशीर वस्ती होती. तिथल्या घरांतून मुख्यतः एकटे पियानोवादक वाजवत. जेली रोल मॉर्टन त्यांच्यातलाच. बँड मात्र उद्यानांत, नाचाच्या हॉलमध्ये, सहलींना, मिरवणुकींत वाजत. बोल्डेनचं नाव लिंकन पार्कशी जोडलेलं आहे. चर्चमधल्या भजनाचाही वाटा मोठा आहे. 'वेश्यावस्तीत जन्म' हे सांगायला चटकदार आहे, म्हणून टिकलं. आपल्याकडे तमाशाबद्दल आणि कोठ्यावरच्या ठुमरीबद्दलही असंच एका वाक्यात उरकतात, आणि ज्यांनी ती कला जपली त्यांचं श्रेय त्याच वाक्यात गडप होतं.

ह्यूस्टनकर

मिरवणुकीचा विषय निघाला म्हणून लिहितो. ह्यूस्टनहून न्यू ऑर्लिन्स साधारण साडेपाचशे किलोमीटर. आम्ही वर्षातून एकदा तरी जातो. मागच्या खेपेला ट्रेमे भागात अंत्ययात्रा पाहिली. काँगो स्क्वेअर याच भागात आहे.

दफनभूमीकडे जाताना बँड अगदी संथ भजन वाजवतो. पावलं ओढत टाकतात. जुन्या पद्धतीत ढोलकरी लहान ढोलाच्या तारांखाली रुमाल सरकवतो, म्हणजे आवाज दबतो. दफन झाल्यावर बँड थोडा दूर येतो, रुमाल निघतो, ढोल कडाडतो आणि तेच लोक नाचायला लागतात. बँड आणि घरची माणसं ही पहिली रांग. त्यांच्यामागे छत्र्या नाचवत, रुमाल फडकवत येणारे सगळे म्हणजे 'सेकंड लाइन', दुसरी रांग. तिथे आमंत्रण लागत नाही. माझी बायको आधी बिचकली. 'परक्याच्या मयताला आपण नाचायचं?' असं म्हणाली. शेजारच्या आजीबाईंनी तिच्या हातात छत्री दिली.

त्या ठेक्यात पाय आपसूक चालतो, पण मधेच एक ठोका अपेक्षेच्या जरा आधी पडतो आणि खांदा उडतो. पुढे जॅझ कितीही अवघड झालं तरी तो खांदा उडवणारा ठोका मला ऐकू येतो.

मृदुला_प

वाचतेय. पहिली तबकडी कुणाची?

काळी चार

फेब्रुवारी १९१७, न्यूयॉर्क, 'ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँड'. पाचही वादक गोरे, न्यू ऑर्लिन्सचेच. ज्यांचं संगीत त्यांना तबकडीवर यायला वेळ लागला, आणि पुढची पन्नास वर्षं पैशांच्या बाबतीत पुष्कळदा असंच होत राहिलं.

किंग ऑलिव्हरच्या बँडने १९२३ मध्ये इंडियाना राज्यातल्या रिचमंड गावी जेनेट कंपनीसाठी मुद्रण केलं. आर्मस्ट्राँग त्यात दुसरा कॉर्नेट. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. मोठ्या कर्ण्यासमोर उभं राहून वाजवायचं. मोठा ढोल वाजला की सुई उडे, म्हणून बेबी डॉड्ससारखा ढोलकरी लाकडी ठोकळे वाजवत बसला. या तबकड्या ऐकून 'जुना जॅझ किती किरटा' असं वाटतं, तो दोष कर्ण्याचा. प्रत्यक्ष हॉलमध्ये तो ढोल छातीत बसत असणार.

अनवट

धागा चांगला आहे, पण एक मूलभूत आक्षेप. जॅझमध्ये जागच्या जागी सुचेल तसं वाजवतात, आपणही तेच करतो. मग ते सोपं, पातळ रूप नाही का? राग नाही, मींड नाही, आलापाची बढत नाही.

काळी चार

अनवटराव, मीही वर्षभर असाच ऐकत होतो, म्हणून कंटाळत होतो. जॅझमध्ये राग शोधू नका, आवर्तन शोधा.

ब्लूज म्हणजे काळ्या अमेरिकनांचं दुःख सांगणारं गाणं, जॅझचा एक पाया. त्याचं नेहमीचं आवर्तन बारा घरांचं, प्रत्येक घर चार मात्रांचं, म्हणजे ४८ मात्रा. आपल्या तानपुऱ्याचा षड्ज हलत नाही. इथे पायाखालची जमीनच हलते. पहिली चार घरं षड्जाच्या कॉर्डवर (कॉर्ड म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार सूर), पाचव्या घरात पाया मध्यमावर जातो, सातव्यात परत येतो, नवव्यात पंचमावर, मग उतरत घरी. हार्मोनियमवर डाव्या हाताने हे तीन कॉर्ड धरून पाहा. आधी सगळे मिळून मुखडा वाजवतात. मग एकेक जण तीच आवर्तनं घेऊन त्यांत भर घालतो, शेवटी पुन्हा मुखडा. वादकाचं कसब यात, की जमीन सरकत असताना त्याची ओळ तुटत नाही. आपल्याला हा सराव नाही, म्हणून ते कसब आपल्याला दिसत नाही.

आणि मींड आहे की! ब्लूजचा गंधार कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागतो. गाणारा तो लावतो, ट्रंपेटवाला ओठाने वाकवतो. पियानोवाल्याची मात्र आम्हा पेटीवाल्यांसारखीच अडचण, पट्टीच्या मधे पट्टी नसते. मग तो दोन्ही गंधार एकदम दाबतो किंवा एकावरून दुसऱ्यावर बोट घसरवतो. थेलोनियस मंकचा पियानो ऐकताना लोकांना वाटतं चुकीची पट्टी लागली. नसलेला सूर दोन पट्ट्यांच्या भांडणातून काढायची ती धडपड आहे. आयुष्यभर पेटीवर मला जी टोचणी आहे, तिच्यावर त्या माणसाने असा तोडगा काढला हे कळलं, त्या रात्री मला झोप आली नाही.

अनवट

पेटीवर करून पाहिलं. नवव्या घरात पंचमावर गेल्यावर काहीतरी ताणलं जातं खरं. आक्षेप अर्धा मागे घेतो.

रेडिओसिलोन

कुणासाठी वाजवायचं, या मुद्द्यावर थोडं. १९३० च्या दशकातला स्विंग हा उघड नाचणाऱ्यांसाठी. चौदा-पंधरा जणांचा बँड, हॉल भरलेला. काउंट बेसीच्या कॅन्सस सिटीकडच्या बँडमध्ये एखादी छोटी ओळ सगळे मिळून घोळवतात, त्यावर एकजण सुटतो. बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टन १९२७ पासून न्यूयॉर्कमधल्या हार्लेम या काळ्यांच्या वस्तीतल्या कॉटन क्लबमध्ये होता. मंचावर काळे कलावंत आणि गिऱ्हाइकं फक्त गोरी, असा तिथला नियम. त्या खोलीत बसून त्याने प्रत्येक वादकाचा गळा ओळखून रचना केल्या. त्याची ट्रंपेटं माणसासारखी गुरगुरतात.

मग हे बंद का पडलं? दुसरं महायुद्ध. वादक सैन्यात गेले, मोठे बँड परवडेनात. ऑगस्ट १९४२ पासून वादकांच्या संघटनेने मुद्रणावर बहिष्कार टाकला, तो पुरता मिटायला १९४४ ची अखेर उजाडली. त्यातच १९४४ मध्ये नाच-गाणं असलेल्या क्लबांवर तब्बल ३० टक्के कर बसला, पुढे तो २० वर आला. नुसतं वादन असेल तर कर नाही. मालकांनी नाचाची जागा काढून टेबलं मांडली.

काळी चार

नेमकं हेच! तरी कराने बीबॉप, म्हणजे नाचापेक्षा ऐकण्यासाठीचा वेगवान जॅझ, जन्मला असं मी म्हणणार नाही. हार्लेमच्या मिंटन्स प्लेहाऊसमध्ये रात्री उशिरा मंक, केनी क्लार्क, डिझी गिलेस्पी, चार्ली पार्कर ही मंडळी त्याआधीच जमत होती. दिवसभर नाचवणारं वाजवायचं आणि रात्री एकमेकांसाठी. कराने त्यांना खोली मिळाली, एवढंच. आणि बहिष्कारामुळे या घडणीची मुद्रणं जवळजवळ नाहीत. नोव्हेंबर १९४५ मध्ये सॅक्सोफोनवादक पार्करचं 'को-को' मुद्रित झालं, तेव्हा लोकांना ते आभाळातून पडल्यासारखं वाटलं. त्याचा सांगाडा मात्र 'चेरोकी' या लोकप्रिय नाचगाण्याचा. कॉर्डची चाल कुणाच्या मालकीची नसते. जुन्या गाण्याची चाल ठेवायची, वर नवी बंदिश बांधायची. मानधनाच्या दृष्टीनेही सोयीचं.

इतक्या वेगात प्रत्येक कॉर्डचं नाव घेत धावायचं, हे दमवणारं होतं. ऐकणाऱ्यालाही. म्हणून पुढे काहींनी श्वास मोकळा केला. ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसने १९४९ पासून नऊ जणांच्या संथ, मऊ रचना मुद्रित केल्या, त्याला कूल म्हणतात. आर्ट ब्लेकीसारख्यांनी उलट चर्च आणि ब्लूज पुन्हा जवळ केले, ते हार्ड बॉप. या दोन्हींवर मी घाईत लिहितोय, कारण मला १९५९ कडे जायचंय.

१९५९ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये, दोन दिवसांत, माइल्सने 'काइंड ऑफ ब्लू' हा अल्बम मुद्रित केला. त्यातलं पहिलं 'सो व्हॉट' घ्या. त्यात कॉर्डची पळापळ नाही, यालाच मोडल म्हणतात. पहिली सोळा घरं एकच स्वरसप्तक, ते म्हणजे आपला काफी थाट! कोमल गंधार, कोमल निषाद. पुढची आठ घरं तोच काफी, पण षड्ज अर्ध्या सुराने वर. मग शेवटची आठ घरं परत खाली. एकूण बत्तीस घरं, १२८ मात्रा. आपल्या कानाला जॅझमध्ये शिरायला याहून चांगलं दार मला सापडलं नाही. शेवंतीताई, अनवटराव, आज रात्री मात्रा मोजत ऐका.

मृदुला_प

बायकांचं एकही नाव आलेलं नाही, म्हणून मी लिहिते.

किंग ऑलिव्हरच्या १९२३ च्या बँडमध्ये पियानोवर लिल हार्डिन होती. पुढच्या वर्षी तिने आर्मस्ट्राँगशी लग्न केलं. 'दुसरा कॉर्नेट म्हणून किती दिवस राहणार?' असा तगादा लावून ऑलिव्हरचा बँड सोडायला लावला तो तिने. ती स्वतः रचना करायची. पुढे दोघं वेगळी झाली. आर्मस्ट्राँग जुलै १९७१ मध्ये गेला. ऑगस्टमध्ये शिकागोत त्याच्या स्मरणार्थ कार्यक्रम होता, तिथे पियानो वाजवता वाजवता ती कोसळली आणि गेली.

मेरी लू विल्यम्स कॅन्सस सिटीत स्विंग वाजवायची, आणि १९४० च्या दशकात तिच्याच हार्लेमच्या घरी मंक, गिलेस्पी रात्र-रात्र बसायचे. बिली हॉलिडेचा आवाज फारसा मोठा नव्हता, पट्टी थोडी. १९३९ मध्ये झाडांना लटकवलेल्या काळ्या माणसांवरचं 'स्ट्रेंज फ्रूट' ती गायला लागली. न्यूयॉर्कच्या कॅफे सोसायटी या क्लबात त्या गाण्याला वेटर थांबायचे, दिवे मालवायचे, फक्त तिच्या चेहऱ्यावर प्रकाश. कुणासाठी वाजवायचं हा तुमचा प्रश्न मला या गाण्याजवळ सगळ्यांत जड वाटतो. जे ऐकायला आले होते, त्यांच्याच समाजाला ती हे ऐकवत होती.

काळी चार

मृदुलाताई, ही माझी मोठी चूक. लिल हार्डिनच्या शेवटाबद्दल पहिल्यांदाच वाचलं. आभार.

धोबीतलावकर

आता आमच्याकडचं. मी गोव्याचा, वाढलो मुंबईत, आजोबा ट्रंपेट वाजवायचे.

गोव्यात चर्चला जोडून असलेल्या शाळांतून मुलांना नोटेशन आणि व्हायोलिन शिकवत. त्यामुळे मुंबईत आलेला गोंयकार कागद वाचूनच आलेला. १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीचा बँड आला. अमेरिकेतले काळे वादक. आधी शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर वाजवलेला पियानोवादक टेडी वेदरफोर्डही पुढे मुंबईत राहिला. १९४५ मध्ये कलकत्त्यात कॉलऱ्याने गेला. यांच्याकडून आमच्या लोकांनी कागदावर न उतरणारं ते शिकून घेतलं. अँटोनियो झेवियर वाझ हा त्यांच्यातला सगळ्यांत झळाळता. लोक त्याला चिक चॉकलेट म्हणत, आणि 'हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग'ही.

मग दारूबंदी आली. १९४९ चा मुंबई कायदा. क्लब ओस पडले आणि ही माणसं सिनेमाच्या स्टुडिओत गेली. पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांना, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांना, चिक भेटला. १९५१ च्या 'अलबेला'मधले ते ट्रंपेट ऐका. भगवानदादांच्या पायांत जे आहे, त्याचा एक धागा न्यू ऑर्लिन्सपर्यंत जातो.

आजोबा सांगायचे, संगीतकार पेटीवर चाल ऐकवायचा आणि गोवेकर अरेंजर सकाळपर्यंत चाळीस जणांचे कागद लिहून काढायचा. पडद्यावर नाव नाही. आजोबांनी वाजवलेली गाणी रेडिओवर लागली की आजी स्वयंपाकघरातून म्हणायची, 'हो तुजो आवाज.' घरात तेवढीच नोंद.

ह्यूस्टनकर

धोबीतलावकर, आजीचं वाक्य बायकोला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प होती.

रेडिओसिलोन

१९७८ च्या फेब्रुवारीत धोबीतलावलाच, रंगभवनात पहिली जॅझ यात्रा झाली. मी कॉलेजात होतो, उघड्या आकाशाखाली पायऱ्यांवर बसून सॉनी रॉलिन्सचा टेनर सॅक्सोफोन ऐकला. आता तिथे गाणं होत नाही. त्या रस्त्याने जाताना मी अजून थांबतो.

मराठी वाचकांसाठी आणखी एक. शोभा गुर्टूंचा मुलगा त्रिलोक गुर्टू. तबला आणि ड्रम एकत्र वाजवण्याची स्वतःची बैठक त्याने काढली. १९८८ च्या त्याच्या 'उस्फ्रेट'मध्ये शोभाताई गायल्या आहेत. ठुमरीचा तो भरलेला आवाज आणि खाली सरकणारे कॉर्ड. अनवटरावांनी जरूर ऐकावं.

अनवट

शोभाताई? आजच शोधतो.

फ्री जॅझ राहिलं. त्यात आवर्तन नसेल तर आम्ही काय धरायचं?

काळी चार

सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमन नोव्हेंबर १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये आला तेव्हा मोठमोठ्या वादकांतही हाच प्रश्न पेटला होता. त्याने पियानोच काढून टाकला, म्हणजे कॉर्डची सक्ती गेली. ठेका बहुधा राहतो, ओळीतला ब्लूजही राहतो. मी त्याच्या सॅक्सोफोनची फक्त ओळ धरतो, रडणाऱ्या माणसाच्या बोलण्यासारखी. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनने १९६१ मध्ये 'इंडिया' नावाची रचना वाजवली आणि पुढे मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं, तो रस्ता आपल्याला त्यामानाने ओळखीचा वाटेल. १९६० च्या दशकाच्या अखेरीस माइल्सने विजेची गिटार आणि पियानो घेतले, त्यातून फ्यूजन आलं. त्या सत्रांतला गिटारवाला जॉन मॅकलॉफलिन पुढे झाकीरभाईंबरोबर 'शक्ती' या बँडमध्ये आला. यावर स्वतंत्र धागा काढायला हवा. कुणीतरी घ्या.

शेवंती

मोजलं! बोटांवर सोळा घरं धरून बसले होते. सुरुवातीला बास आणि पियानो सावकाश काहीतरी बोलतात तिथे मोजणी लागेना. मग बासने विचारलं आणि पियानोने दोन कॉर्डांत उत्तर दिलं, तिथून धरलं. सतराव्या घराला सगळं अलगद वर उचललं गेलं. अंगावर काटा आला. परत खाली येताना मात्र माझं एक घर चुकलं. ट्रंपेटवाला आधीच आला होता का?

काळी चार

ताई, मुखड्यात धरलंत हे उत्तम. चुकलात ती जागा बहुतेक मुखडा संपून माइल्सचं एकल सुरू होतं ती असणार. आता पुढची दोन आवर्तनं त्याचीच आहेत. त्याच्याकडे लक्ष देऊ नका, बास ऐका. बास घर सोडत नाही. आणि टाळी पहिल्या-तिसऱ्या मात्रेवर देत असाल तर दुसऱ्या-चौथ्यावर देऊन पाहा, ड्रमरची पायाची झांज तिथेच मिटते.

शेवंती

दुसऱ्या-चौथ्यावर हात जातच नाहीये. पोळ्या लाटताना लावते, बघू.